थोड्या खर्चात मोटारहोडीची शर्यत



शर्यत म्हटली म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे बैलगाड्या उभ्या राहतात, आणि होडी म्हटली म्हणजे मासळी तरी आठवते नाहीतर पैलतीराला जायची तर तरी. यंत्राची होडी घेऊन शर्यतीत उतरायचे, हा उद्योग राजेरजवाड्यांचा, अशी आपली समजूत असते. ती अगदीच खोटी आहे असेही नाही. अमेरिकेतील गार वुड या गृहस्थांनी १९३२ साली जी 'मिस अमेरिका दहावी' पाण्यावर पळवली, तिला पॅकार्ड कंपनीची चार इंजिने होती. चारही मिळून शक्ती भरत होती ६,४०० अश्वशक्ती. तिने ताशी १२४ मैलांच्या वर वेग गाठला. त्या होडीच्या नुसत्या तेलाचा हिशेब मनात आणला तरी आपल्यासारख्याला घाम फुटावा.

पण त्याच अमेरिकेत आणखी एक मंडळी आहेत. कोणी सुतारकाम करणारे, कोणी मोटारी दुरुस्त करणारे, कोणी शाळेत शिकवणारे. रविवारी गाडीच्या मागे लहानशी होडी बांधून ही मंडळी गावाजवळच्या तळ्यावर जातात, दिवसभर शर्यती खेळतात आणि संध्याकाळी घरी परततात. बक्षिसाची रक्कम नाही म्हटली तरी चालेल. मिळाला तर एक लाकडी फळीवरचा बिल्ला. आज बोलायचे आहे ते या दुसऱ्या मंडळींबद्दल. खिशात बेताचा पैसा असताना माणूस या खेळात शिरतो कसा, पैसा कोठे वाचवतो आणि कोठे वाचवता कामा नये, एवढाच आजचा विषय.

आधी यंत्राची गोष्ट, कारण सगळे त्याच्यापासून सुरू झाले. होडीच्या मागच्या अंगाला, कोकणात ज्याला वरामा म्हणतात तेथे, शिकंजाने अडकवून ठेवायचे आणि काम झाले की काढून खांद्यावर टाकायचे असे एक इंजिन असते. त्याला आउटबोर्ड म्हणतात. आपल्या किनाऱ्यावरच्या पुष्कळ मच्छिमार होड्यांना ते आज दिसेल. हे यंत्र घरोघरी पोहोचवले ते ओल एव्हिनरूड याने. हा १८७७ साली नॉर्वेत जन्मला आणि लहानपणीच आईबापांबरोबर अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन प्रांती आला. शेतकऱ्याचे पोर, पण सगळा जीव यंत्रात. त्याच्याबद्दल एक गोष्ट सांगतात. उन्हाळ्याचे दिवस. ओकाउची नावाच्या तळ्यावर मंडळी सहलीला गेलेली. त्याच्या वाग्दत्त वधूला, बेसला, आइस्क्रीम खावेसे वाटले. दुकान पैलतीरावर. हा वल्ही मारीत गेला आणि वल्ही मारीत आला, तोपर्यंत आइस्क्रीमचे पाणी झाले! त्या दिवशी म्हणे त्याच्या डोक्यात हे यंत्र शिरले. गोष्टीला तिखटमीठ किती लागले असेल ते असो. इतके मात्र खरे, की १९०९ साली त्याने जे इंजिन विकायला काढले त्याचे वजन ६२ पौंड, शक्ती दीड घोड्याची आणि किंमत ६२ डॉलर. त्याच्या आधीही एकादोघांनी असली इंजिने केली होती. पण सामान्य माणसाला परवडणारे, बायकापोरांनाही चालवता येईल असे यंत्र म्हणून नाव झाले ते याचे.

आणि दोन माणसांकडे एकसारखे यंत्र आले, की तिसऱ्या दिवशी शर्यत लागायचीच. मनुष्यस्वभाव सगळीकडे सारखा!

आता आपल्या गावच्या जत्रेतला कुस्त्यांचा फड आठवा. हलगी वाजते आहे, आणि पंच पोरांना हाताला धरून जोड लावताहेत. वीस किलोच्या पोरापुढे पंचवीस किलोचे पोर, पण पन्नास किलोचा गडी कोणी उभा करीत नाही. जोड बरोबर लागली तरच कुस्तीला रंग. मोटारहोड्यांच्या शर्यतीत ही जोड लावण्याचे काम वर्ग करतात. अमेरिकन पॉवर बोट असोसिएशन ही तिकडची मोठी संस्था १९०३ साली स्थापन झाली. तिच्या नियमांत इंजिन केवढे, होडी किती लांब, होडी आणि चालवणारा मिळून वजन कमीत कमी किती, हे वर्गावर्गाला ठरवून दिलेले आहे. वजनाचा नियम ऐकून नवल वाटेल. पण विचार करा, हलक्या अंगाच्या मुलाला आयताच फायदा मिळू नये म्हणून त्याच्या होडीत शिसे टाकून वजन भरून घेतात. श्रीमंताने पैसे ओतून अतिशय हलकी होडी केली, तरी काट्यावर तिचा उपयोग होत नाही.

यातला 'स्टॉक' नावाचा विभाग तर मुद्दाम लहान खिशासाठीच असल्यासारखा आहे. स्टॉक म्हणजे कारखान्यातून आले तसे इंजिन. नियमात जेवढी घासपूस मान्य आहे तेवढी करावी, त्यापलीकडे हात लावू नये. शर्यत संपली की पहिल्या आलेल्यांची इंजिने उघडतात आणि मापे लावून तपासतात. माप चुकले की जिंकलेली शर्यत गेली. ही तपासणी कडक असते म्हणूनच खर्च आटोक्यात राहतो. नियम ढिले असले तर मग ज्याचा पैसा त्याची होडी पुढे. गरिबाचा कैवार घेणारा कोणी असेल तर तो हा माप घेऊन बसलेला तपासनीस, असे मला वाटते.

मुलांसाठीही वर्ग आहे. नऊ वर्षांपासून पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलामुलींचा. त्यांच्या इंजिनाच्या श्वासाच्या वाटेत एक अडसर घालतात, त्यामुळे हवा कमी जाते आणि वेग आपोआप आवरतो. नऊ वर्षांचे पोर गुडघ्यांवर बसून होडी हाकते आहे, आणि काठावर आई डोळ्यांत प्राण आणून उभी आहे, हे चित्र तिकडे नवीन नाही.

याहूनही स्वस्त वाट काढलेली मंडळी मेरीलँड राज्यात चेसापीक खाडीच्या काठी आढळतात. चार्ल्स मॅकग्रेगर नावाच्या नौकारचनाकाराने १९३९ साली आठ फुटांच्या एका होडीचा नकाशा केला होता. तो नकाशा धूळ झटकून पुन्हा बाहेर काढला गेला आणि त्यावरून 'कॉकटेल वर्ग' उभा राहिला. नावावर जाऊ नये. होडी अगदी सात्त्विक आहे. आठ फूट लांब, प्लायवुडची, दोन माणसांनी सहज उचलावी अशी. इंजिन सहा अश्वशक्तीचे. चालवणारा दोनशे पौंडांच्या वर भरला तर त्याला आठ अश्वशक्तीची मुभा. म्हणजे जाड्या माणसाचीसुद्धा सोय पाहिली आहे! वेग फार नाही. पण माणूस पाण्यापासून वीतभर उंचीवर बसलेला असतो, तेव्हा ताशी वीस मैलसुद्धा साठासारखे वाटतात. पन्नाशी-साठी उलटलेले आजोबा आणि त्यांची नातवंडे अशा होड्यांतून पळताना दिसली तर नवल नको.

ऑस्ट्रेलियातल्यांनी तर याहून सोपे केले. दक्षिण ऑस्ट्रेलियात मरे नदीच्या काठी रेनमार्क म्हणून गाव आहे. तेथल्या लोकांनी मासेमारीच्याच ॲल्युमिनियमच्या साध्या होड्या घेतल्या आणि १९८० च्या दशकाच्या आरंभापासून नदीच्या अरुंद फाट्यांतून, झाडांच्या बुंध्यांमधून त्यांची शर्यत सुरू केली. एका होडीत दोघे. एक सुकाणू धरतो आणि दुसरा पुढे बसून वळणावर अंग झोकून तोल सावरतो. आपल्या बैलगाडीवरच्या जोडीदारासारखेच म्हणा ना.

तर आता मुख्य प्रश्न. शिरायचे कसे? तुम्ही म्हणाल, आधी होडी घ्यावी. नाही. होडी सर्वांत शेवटी घ्यावी. आधी आपल्या जवळपासच्या क्लबाच्या शर्यतीला नुसते जावे आणि काम मागावे. अशा क्लबांना माणसे नेहमीच कमी पडतात. फेऱ्या मोजायला माणूस हवा, वळणावरच्या पिंपांजवळ नजर ठेवायला हवा, गस्तीच्या होडीत बसायला हवा, कोणाची होडी गाडीवरून पाण्यात उतरवायची तर चार हात हवेत. दोनतीन रविवार असे राबले की फुकटात जे ज्ञान मिळते ते पैसे मोजून मिळत नाही. कोणाचे इंजिन सारखे बंद पडते, कोणता वर्ग गर्दीचा, कोणती होडी विकायची आहे आणि ती का विकायची आहे, हे सारे काठावरच्या गप्पांत कळते.

वर्ग निवडताना एकच गोष्ट पाहावी. आपल्या तळ्यावर त्या वर्गाच्या होड्या किती उतरतात? पुष्कळ नवशिके फसतात ते येथे. कोठेतरी दूर एखादी वेगवान होडी मातीमोलाने मिळते. घरी आणल्यावर कळते, की त्या वर्गात या भागात दुसरा कोणी खेळतच नाही. फडात एकटाच पैलवान उभा, लढायचे कोणाशी? शिवाय त्या इंजिनाचे सुटे भागही कोणाजवळ उसने मिळत नाहीत. गर्दीच्या वर्गात असाल तर स्पार्क प्लग शेजाऱ्याच्या डब्यात मिळतो, आणि तो आनंदाने देतोही. कारण तुम्ही पाण्यात उतरला नाहीत तर तो हरवणार कोणाला?

आता जुना माल पारखण्याविषयी थोडे. होडी पाहताना रंगाकडे पाहू नये. ज्या फळीला इंजिन लटकते ती मागची फळी बोटाच्या पेराने ठोकून पाहावी. टणक आवाज आला तर ठीक. भद्द आवाज आला तर आत पाणी मुरून लाकूड कुजले आहे. तिच्यावर इंजिनाचा सगळा जोर येतो. ती सुटली तर इंजिन तळ्याच्या तळाशी आणि तुम्ही वर. इंजिनाच्या खालच्या अंगाला दातेरी चाके असतात, त्यांचे तेल थोडे काढून पाहावे. दुधासारखे पांढरट दिसले तर आत पाणी शिरते आहे असे समजावे. पंख्याच्या पात्यांना खाचा पडल्या आहेत का ते पाहावे. आणि पाण्याच्या पिंपात बुडवून इंजिन चालवून दाखव म्हणावे. पाण्यावाचून ही इंजिने चालवायची नसतात. बाहेरचे पाणी आत ओढून ती स्वतःला थंड ठेवतात. कोरडी चालवली की पाणी ओढणारा पंप जळतो. विकणारा पिंपाला कां कूं करू लागला तर नमस्कार करून परत फिरावे.

ज्याच्या हातात पटाशी-रंधा आहे त्याने होडी स्वतः बांधावी. हे सांगायला सोपे, करायला कठीण, असे मात्र येथे नाही. प्लायवुडचे तक्ते नकाशाप्रमाणे कापायचे, कडेने भोके पाडून तांब्याच्या तारेने ते शिवायचे. होय, गोधडी शिवतो तसे! मग सांध्यांत इपॉक्सी राळेचा लगदा भरायचा, वरून काचतंतूची पट्टी चिकटवायची, आणि राळ वाळली की तारा उपटून काढायच्या. आठ फुटांची होडी म्हणजे सुट्टीतले काम. दोन गोष्टींत मात्र काटकसर नको. तक्ता पाण्यात टिकणारा, मरीन म्हणतात तोच घ्यावा. साध्या तक्त्याचे पापुद्रे सुटतात. आणि राळ हाताळताना हातमोजे घालावेत, जागा मोकळ्या हवेची असावी. राळेने कातडीला एकदा का त्रास झाला तर तो जन्माचा पाठीस लागू शकतो.

शिक्षकबंधूंसाठी एक हिशेब. होडीचा पंखा पाण्यात फिरतो तो लाकडात शिरणाऱ्या स्क्रूसारखा. एका फेऱ्यात तो किती पुढे सरकला पाहिजे, या अंतराला पंख्याचा पेच म्हणू. समजा पेच १० इंच आहे आणि पंखा मिनिटाला ३,००० फेरे घेतो. तर मिनिटाला ३०,००० इंच झाले, म्हणजे २,५०० फूट. तासाला दीड लाख फूट. मैलात ५,२८० फूट धरले तर ताशी साधारण २८.४ मैल. पण पाणी म्हणजे लाकूड नव्हे. पंखा थोडा घसरतोच. ही घसर शेकडा दहा धरली तर उरले साडेपंचवीस मैल. मुले विचारतील, मग मोठ्या पेचाचा पंखा लावला की झाले! तसे होत नाही. पेच वाढला की इंजिनाला तो ओढवत नाही, फेरे कमी होतात आणि वेग उलट घटतो. चढणीवर सायकलचे जड गियर टाकल्यासारखे होते. म्हणून गडी लोक दोनतीन पंखे पेटीत बाळगतात आणि घड्याळ लावून तपासतात. नवशिक्याने मात्र एकच बरा पंखा घ्यावा आणि तोच वर्षभर ओळखून घ्यावा.

आता शर्यत कशी होते ते पाहू. येथे दोरी ओढून सारे एकदम सुटतात असे नाही. होडीला ब्रेक नसतो आणि ती पाण्यावर एका जागी उभी राहात नाही. म्हणून काठावर एक मोठे घड्याळ लावतात. शेवटच्या मिनिटात त्याचा काटा फिरू लागतो. सगळ्या होड्या मागे घिरट्या घालीत असतात, आणि काटा शून्यावर येईल त्याच क्षणाला भरवेगात रेषा ओलांडायची असते. क्षणभर आधी ओलांडली तर ती फेरी बाद. उशीर केला तर पुढच्यांच्या पाण्याचे फवारे तोंडावर. यात पैशाचे काही चालत नाही. ज्याला मनात सेकंद मोजता येतात तो जुन्या इंजिनावरही पुढे निघतो, आणि हे मोजणे घरी भिंतीवरच्या घड्याळापुढे बसून शिकता येते. पुढे पिंपे तरंगत ठेवलेली असतात. त्यांना डावी घालून अंडाकृती फेऱ्या मारायच्या.

गुण देण्याची रीतही ऐकण्यासारखी आहे. अमेरिकन संस्थेच्या पद्धतीत पहिल्याला ४००, दुसऱ्याला ३००, तिसऱ्याला २२५, चौथ्याला १६९, असे उतरत जातात. दर खेपेला पाऊणपट. शर्यत बहुधा दोन फेऱ्यांची. आता पाहा: एकाने पहिली फेरी दिमाखात जिंकली आणि दुसरीत त्याचे इंजिन बसले. गुण ४००. दुसरा दोन्ही फेऱ्यांत मुकाट्याने दुसरा आला. गुण ६००. एवढेच काय, दोन्ही खेपेला तिसरा आलेल्याचेसुद्धा ४५० होतात, आणि तोही त्या पहिल्या बहाद्दराच्या पुढे. ज्याच्याजवळ पैसा थोडा त्याने हे गणित उशाशी ठेवावे. इंजिनाला आणखी दोन मैल वेग यावा म्हणून जो खर्च होतो, त्याच्या दहाव्या हिश्शात नवे प्लग, पेट्रोलची नवी नळी, स्वच्छ टाकी आणि पंप नीट ठेवता येतो. पेट्रोलमध्ये तेल मिसळायचे असेल तर इंजिनाच्या पुस्तकात दिलेल्या प्रमाणातच मिसळावे. चोविसास एक असे लिहिले असेल तर सहा लिटरला पाव लिटर, डोळ्यांच्या अंदाजाने नव्हे. अर्ध्याहून अधिक नवशिके पहिल्या वर्षी हरतात ते वेगाने नव्हे, काठाला पोहोचतच नाहीत म्हणून, असे जुने खेळाडू सांगतात.

आता जेथे हात आखडायचा नाही त्या गोष्टी.

हा खेळ जिवावरचा आहे. सर हेन्री सीग्रेव्ह हे जमिनीवर आणि पाण्यावर वेगाचे विक्रम करणारे इंग्रज वीर. १३ जून १९३० रोजी विंडरमियर सरोवरात त्यांची होडी उलटली आणि त्यांत त्यांचा अंत झाला. पाण्यावर तरंगणाऱ्या एका ओंडक्याने घात केला असे मानतात. डोनाल्ड कॅम्बेल ४ जानेवारी १९६७ रोजी कॉनिस्टन सरोवरावर ताशी तीनशे मैलांच्या आसपास असताना त्यांच्या 'ब्लूबर्ड'चे नाक वर उचलले गेले, होडी हवेत उलटली आणि ते गेले. आपल्या लहान होड्या त्या वेगाच्या जवळपासही जात नाहीत, हे खरे. पण कारण तेच असते. चपटी खापरी पाण्याला घासून मारली की ती टप्पे घेत जाते ना? वेगवान होडीही तशीच पाण्यात न चालता पाण्यावर चालते. तिच्या पोटाखाली हवा शिरते, आणि लाटेवर नाळ जरा जास्त उचलली की हीच हवा तिला पालथी करते. आणि ओंडका सहा अश्वशक्तीच्या होडीलाही तोच ओंडका. म्हणून शर्यतीच्या दिवशी सकाळी तळे फिरून कचरा काढणारा माणूस पहिल्या नंबराच्या माणसाइतकाच मोलाचा.

होडी, इंजिन, पंखा, गाडी, सगळे जुने चालेल. तरंगण्याचे जाकीट जुने चालणार नाही. शिरस्त्राण एकदा आपटलेले असेल तर ते घेऊ नये, मग वरून कितीही चकचकीत दिसो. त्याचा रंग भडक असावा. नारिंगी किंवा पिवळा. हौस म्हणून नव्हे. पाण्यात पडलेल्या माणसाचे डोकेच तेवढे वर दिसते, आणि मागून येणाऱ्याला ते दिसले पाहिजे. बाह्या आणि तुमान सहज न कापल्या जाणाऱ्या जाड विणीच्या कापडाची असते, कारण पाण्यात फिरता पंखा म्हणजे उसाच्या चरकाचा सख्खा भाऊ. आणि सर्वांत स्वस्त, सर्वांत महत्त्वाची वस्तू म्हणजे एक दोरी. तिचे एक टोक चालवणाऱ्याच्या अंगाला आणि दुसरे इंजिनाच्या कळीला. माणूस फेकला गेला की दोरी ओढली जाते आणि इंजिन तत्काळ थांबते. ती नसली तर रिकामी होडी गोल गोल फिरत पडलेल्या माणसावरच येते. असे अपघात इतके झाले, की अमेरिकेत १ एप्रिल २०२१ पासून साध्या फिरायच्या लहान मोटारहोड्यांनाही, वेगात असताना, ही दोरी लावणे कायद्याने सक्तीचे झाले. शर्यतवाल्यांनी ती त्याच्या कितीतरी आधी पत्करली होती.

पोहता आलेच पाहिजे, हे निराळे सांगायला नको. जाकीट घालून पोहणे मात्र निराळे असते. ते काठाजवळ, कोणी सोबत असताना, आधी करून पाहावे. आणि एकट्याने, गस्तीच्या होडीवाचून, सरावाला कधी जाऊ नये. पेट्रोल वाचवायला म्हणून पुष्कळजण असे जातात.

आपल्याकडे हा खेळ अगदी अपरिचित आहे असे नाही. मार्च २०१७ मध्ये मुंबईला मरीन ड्राइव्हसमोर मोटारहोड्यांच्या मोठ्या शर्यती झाल्या. नोव्हेंबर २०१८ मध्ये आंध्र प्रदेशात विजयवाड्याजवळ कृष्णा नदीवर जागतिक मालिकेतली शर्यत झाली. आपल्या सह्याद्रीत उगवणारी कृष्णाच ती. या दोन्ही शर्यती मोठ्या यंत्रांच्या आणि मोठ्या पैशांच्या. लोकांनी काठावरून पाहिल्या, टाळ्या दिल्या आणि घरी गेले. सहा अश्वशक्तीची आठ फुटी होडी बांधून खेळायचे म्हटले, तर पहिला प्रश्न येतो तो पाण्याचा. धरणाच्या पाण्यावर विचारल्यावाचून इंजिन घालता येत नाही, आणि घालूही नये. ते पाणी कोणाच्या तरी पिण्याचे असते, शिवाय बुडालेल्या गावांची झाडेझुडपे आणि भिंती तेथे वीतभर पाण्याखाली उभ्या असतात. नदी असली तर पैलतीराला जाणारी तर, जाळी टाकून बसलेले कोळी, धुणे धुणाऱ्या बायका, या सर्वांचा हक्क आधीचा. खाडीकाठच्या गावांत मात्र आउटबोर्ड दुरुस्त करणारे हात आहेत, होडी बांधणारे सुतार आहेत आणि पाणी ओळखणारी पोरे आहेत. तेथे एखाद्या हायस्कुलाने सुतारशाळेत अशी एक होडी बांधून पाहायला हरकत नाही. ती शर्यतीत उतरली नाही तरी मुलांना भूमिती कळेल, आणि होडी वल्ह्यांनीही चालतेच.

खाऱ्या पाण्यात इंजिन चालवले असेल तर घरी आल्यावर गोड्या पाण्याच्या पिंपात ते पाच-दहा मिनिटे चालवावे, नाहीतर मीठ आतल्या वाटा बुजवते. टाकी रिकामी करावी. होडी उपडी घालावी, पण जमिनीला टेकवून नव्हे, खाली दोन लाकडे ठेवून. अशी निगा राखली की होडी चार हंगाम सहज काढते. तिकडे मुलांच्या वर्गातल्या होड्यांचे तर एक ठरल्यासारखेच असते. घरातले पोर सोळाव्या वर्षात शिरते, त्याला मोठा वर्ग खुणावू लागतो, आणि ती लहान होडी, तिचे इंजिन, पंख्याची पेटी, सगळे एकगठ्ठा तळ्याकाठच्याच दुसऱ्या एखाद्या घरी जाते. किंमत बेताची होते. वर बापाला दोन रविवार इंजिन उघडून दाखवण्याचे कबूल केलेले असते, ते निराळेच.